नवाईची हाक

माझं नाव सोमी. सोमवारची जन्मली म्हनून सोमी, आमच्यात नावाचा एवढा इचार कोन करत नाय. माहेर गुजरातच्या अंगाले, सासर हे नवापूरच्या डोंगरात. घरात आमी कोकणी बोलतो, कोकणातली नाय, आमची आदिवासींची, मराठी शिकली ती नवापूरच्या बाजारात, भाजी विकता विकता, तिथं अहिराणीवाले, गुजराती, मारवाडी दुकानदार, सगळ्यांचं बोलणं कानावर पडे. म्हनून माझी मराठी अशी खिचडी. हसा ताई, हसा, मले राग नाय येत. येतो, पन तुमचा नाय.

मी आन माझा नवरा दरसाल ऊसतोडीले गुजरातमधी जायचो. दोन पोरं आमाले. मोठा दिवाल्या, धाकटा सुकऱ्या. मोठ्याले संगं न्यायचो, उसाच्या मोळ्या बांधायले एक हात व्हई. धाकट्याले आश्रमशाळेत टाकलं. त्याचा बाप म्हने, घरात एक तरी साहेब व्हऊ दे. कशाचा साहेब आन कशाचं काय. बारावी करून आला, नोकरीसाठी फिरला फिरला, आन शेवटी चपला काढून भाताच्या चिखलात उतरला. बाप गेला तेव्हा जमीन वाटली, दोघांले निम्मी निम्मी. दिवाल्या त्या दिवशी काय बोलला नाय. गप जेवला, गप उठला. बोलला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मंग ती आग. आमच्याकडं महूची, म्हंजे मोहाची, फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, भुई साफ झाली की फुलं वेचायले सोपी जातात. बाप जाळे, आजा जाळे, दिवाल्या दरसाल जाळतो. त्या दिवशी वारा फिरला. मी दिवाल्याकडं राहते, त्या घराच्या खालून ओहोळ जातो, त्याच्या पल्याड सुकऱ्याचं घर. ओहोळ कोरडा, आग गेली की सरसर पलीकडं, आन सुकऱ्याच्या गवताच्या ढिगाले लागली. ढिगाजवळ बैल बांधलेला. माणसं धावली, मी बी धावली, पन दावं सोडवायले कोन पोचलं नाय. त्या बैलाचं ओरडणं, काय सांगू तुमाले. जाऊ दे.

सुकऱ्या म्हने, मुद्दाम लावली. आता दिवाल्यानं हात जोडायचे का नाय? चुकलं म्हनायचं का नाय? तर हा म्हने, वारा काय माझा गडी आहे, सांगू त्याले कुठं जा ते? झालं. कुऱ्हाडी निघाल्या. एका पोटातली पोरं ताई, एकाच्या हातात कुऱ्हाड, दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड, आन दोन्ही सुना मधी आडव्या पडल्या म्हनून वाचलं. भांडता भांडता दिवाल्या सगळ्या गावासमोर म्हने, मी पाठीवर मोळ्या वाहिल्या म्हनून तू शाळा शिकला, आन वर निम्मी जमीन खाल्ली.

तवा सुकऱ्याच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. एवढा मोठा बाप्या, लेकरासारखा रडायले लागला. म्हने,

“तुले आई व्हती. मले कोन व्हतं तिथं?”

मले तर भुई फाटली असं झालं. एकाले वाटे, याले शाळा भेटली. दुसऱ्याले वाटे, त्याले आई भेटली. दोघं बी उपाशीच राहिले, आन दोघांले वाटे, माझ्या ताटातलं यानं खाल्लं.

पंच बसले. बैलाले बैल द्यायचा ठरलं. दिवाल्यानं गोठ्यातला दिला, सुकऱ्यानं दावं धरून नेला. पंच म्हने, मिटलं. म्हने, काठी मारल्यानं पानी दुभंगत नाय, सोमीबाई, येतील एक व्हऊन. जेवले आन गेले. पन अबोला तो अबोलाच राहिला. माझी नात, दिवाल्याची पोरगी, मोबाईलमधी ते लढाईचं दाखवे, घरं पडलेली, बाया छाती बडवत असलेल्या. मी इचारलं, कशावरून लढतात गं? म्हने, जमिनीवरून, आजी. मी म्हटलं, बाई, जमीन नुसती सांगायले असते. आत काय सडलं ते त्यांच्या आईले इचार.

आता नवाईचं सांगते. नवा तांदूळ आला की आमच्या घरची रीत अशी, आधी कनसरीले, म्हंजे धान्याच्या देवीले दाखवायचा, मंग घरातल्या वडील माणसानं अंगणात उभं राहून भावाले नावानं हाक मारायची. भावानं ओ द्यायची, यायचं, संगं बसायचं, मंग नवं खायचं. हाकेबिगर येणं नाय, आन आल्याबिगर खाणं नाय. बाप गेल्यावर हाक दिवाल्याची. पन त्या आगीनंतर तो हाक मारेना. मी सांगे, मार रे बाबा. म्हने, बैल दिला ना? सुनेनं पोरांले नवा भात वाढला, पोरांची पोटं कुठं रीत पाळतात. मी नाय खाल्ला. मी रेशनचा तांदूळ खाते. लोक म्हने, म्हातारी हट्टी आहे. आहेच.

या साली सुकऱ्या दुपारचा आला, दिवाल्या रानात गेला असताना. पाया पडला. म्हने, आई, टोळी लवकर निघाली, बायकोपोरं घेऊन जातो तोडीले. बारावी शिकलेलं पोर माझं, आन शेवटी त्याच उसात. मी म्हटलं, भावाले सांग. म्हने, तो मले इचारतो का? गेला. दाराले कुलूप, पन दिवाल्या तिकडं पाहतो कुठं.

आन दोन दिवसांनी नवाई. मी रेशनचा तांदूळ निवडत बसली व्हती. दिवाल्यानं माझ्याकडं पाह्यलं, माझ्या हाताकडं पाह्यलं, काय मनात आलं त्याच्या कोन जाणे, उठला, अंगणात गेला, आन हाक मारली. सुकऱ्या हो! मी सांगितलं नाय की तो गेला. खरं सांगते, मले ती हाक ऐकायची व्हती. बापासारखाच आवाज. पुन्हा मारली. ओहोळापल्याड कोन व्हतं ओ द्यायले? आत आला, तोंड काळंठिक्कर. म्हने, ऐकून बी ओ दिली नाय त्यानं. तवा मी म्हटलं, अरे, तो परवाच गेला तोडीले. खाली बसला. म्हने, मले सांगितलं बी नाय.

नातीनं फोन लावून त्याच्या हातात दिला. तिकडून सुकऱ्याचा आवाज, हॅलो, कोन? हॅलो? आन हा माझा लेक, आता अंगण दणाणून हाका मारणारा, फोन कानाले लावून नुसता बसला.  फोन बंद झाला.

सुकऱ्याचा फोन काय आला नाय. होळीले टोळी येईल. तोवर मी जगली तर नवं खाईन, नाय तर रेशनचं खाऊन जाईन, त्याचं एवढं नाय. तुमच्या घरात ताई, बोलणं राहो, देव तुमाले एवढं देवो. दिवाल्या आता संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसतो. मधीच इचारतो, आई, त्याले कळलं असंल का, फोनवर मी व्हतो ते? मी म्हनते, कळलं असंल. मले काय ठाऊक, पन म्हनते.