आईचे दोन तास

आमचं गाव काष्टीपासून तीन मैल आत, पाच एकर जमीन पण सगळी माळाची, बाजरी झाली तर झाली, आणि वडलांना दमा, म्हणजे झालेली बाजरी काढायलाही आईच. मी पाचवीला गेले त्या साली गावात हायस्कूल निघालं आणि आई तिथं झाडायला लागली. पार्ट टाइम. हा शब्द आमच्या घरात असा आला की कुणी विचारलं तर मी ऐटीत सांगायचे, माझी आई पार्ट टाइम आहे. अर्थ कुणाला ठाऊक होता? अर्थ नंतर कळला. अर्थ असा की महिन्याला तीस रुपये ठरलेले, मग दोन तास राबा नाहीतर दहा तास, आणि मे महिन्यात शाळा बंद म्हणून तेही नाहीत.

कागदावर काम दोन तासांचं. सात खोल्या झाडायच्या, दोन रांजण भरायचे, झालं. पण काय सांगू तुम्हाला, त्या शाळेत एक शब्द होता, तेवढं. बाई, तेवढी घंटा द्या. बाई, तेवढा चहा ठेवा. बाई, तेवढं टपाल टाकून या. तेवढं तेवढं करत आई सकाळी आठला गेलेली दिवस मावळताना यायची. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, दिवसातून नऊ वेळा त्याच्यावर हातोडी घालायची तीच, आणि त्याच घंटेवर मी शिकले. तेव्हा मला कधी वाटलं नाही की ही घंटा फुकट वाजतीये. मी तुम्हाला खरं सांगते, आज त्याची लाज वाटते.

मी बी.ए. झाले. आमच्या सगळ्या भावकीत पहिली, बाई धरा नाहीतर बाप्या धरा. नगरला राहिले, एका वेळेला जेवून शिकले, आणि मग नगरजवळच नागापूरला एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. तिथं पाहिलं, गेटवर प्रत्येकाचं कार्ड, आत येताना वेळ छापायची, जाताना छापायची. अर्धा दिवस झाडायला येणारी बाई होती, तिचंही कार्ड. जेवढे तास तेवढे पैसे. मी ते कार्ड हातात घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. तिला कार्ड आणि माझ्या आईला तेवढं?

त्यात हा दुष्काळ पडला. शाळेची विहीर आटली, पाणी मैलभरावरून आणायचं, नुसत्या रांजणालाच सकाळ जायची. पगार तोच. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका वाटेत आईला हसायच्या, अगं ये शाळेच्या बाई, आमच्यासंगं ये, उन्हात का हुईना पर तुझ्यापरीस जास्ती पैसं पडत्यात. आई म्हणायची, मला सावली हाय बाई. डोक्यावर हंडा, पायाखाली फुफाटा, आणि म्हणे सावली!

मग मी रजा टाकून गावी आले आणि अर्ज लिहिला. आई सकाळी येते कधी, जाते कधी, मधे काय काय करते, सगळं. रविवारी शाळेत कमिटी बसली, चेअरमन म्हणजे गावातले अण्णा, शंभर एकरांचे धनी, आणि शेजारी हेडमास्तर. मी अर्ज वाचला. अण्णांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, आईला म्हणाले, वैनी, तुमीच सांगा, काम किती तासांचं हाय? आणि आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, काम दोनच तासांचं हाय आण्णा, बाकीचं मी आपलं घरचं म्हनून करते.

मी तिथंच मेले. पण तिला बोल कसा लावू? आमच्याकडं मोठ्या माणसांपुढं आपल्या कष्टाचं आपण सांगायचं नसतं, कुणी दमलात का विचारलं तर न्हाई जी म्हणायचं असतं, तेवढीच रीत तिला माहीत. अण्णा हसले. झालं की मग, म्हणाले, बी.ए. झालेल्या पोरीनं उगा कागद नासवला. अर्जावरच लिहिलं, काम दोन तास, तक्रार नाही, आणि शाईचा पॅड आईपुढं सरकवला.

आईनं विचारलं, काय लिवलं गं? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी घरचं म्हनून करते ते लिवलं का? अण्णा म्हणाले, ते कशाला लिवायचं वैनी, ते कामात धरत न्हाईत.

 आईनं अंगठा उठवला.  रात्री घरी जेवताना मला म्हणाली, तुझं घड्याळ उद्या संगं घे.

मी बिनपगारी रजा वाढवली. सोमवारी दोन तास भरले तेव्हा खोल्या झाल्या होत्या, रांजणात जेमतेम एक हंडा पडला होता. आईनं हंडा उपडा ठेवला, किल्ल्या हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवल्या आणि निघाली. ते मागनं म्हणाले, बाई, तेवढी घंटा? ती म्हणाली, गुरुजी, माझे दोन तास भरले. मास्तरांनीच घंटा दिली, कधी दिली, कधी विसरले. दुपारी रांजण कोरडा. पोरं पाणी प्यायला घरी गेली ती परत आलीच नाहीत. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

गुरुवारी अण्णा आमच्या दारात. वैनी, रुसलात व्हय? आई म्हणाली, रुसायला मी काय सोयरी हाय का आण्णा, मी नोकर, आन तीबी दोन तासांची. माझ्याकडं वळून अण्णा म्हणाले, आमच्याच शाळेत शिकली आन आमच्यावरच उलटली. मी म्हटलं, अण्णा, त्रैराशिक त्याच शाळेत शिकले.

लई घासाघीस झाली. मागच्या अकरा वर्षांचं मागितलं तर नाही म्हणाले, मेलेलं मढं उकरू नका म्हणाले. त्याचा राग माझ्या मनातून जायचा नाही, तुम्ही लिहून घेताय तर लिहा तसंच. देव त्यांचं भलं करो, पण अकरा वर्षं ती अकरा वर्षंच.

आता मस्टरात आईच्या नावापुढं येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ असे दोन रकाने आहेत. हेडमास्तर घड्याळ बघून लिहितात, आई ते मोठ्यानं वाचून घेते आणि मगच अंगठा देते. दोन तासांचे तीस होते, आठ तासांचे एकशेवीस झाले, आणि ते मे महिन्यातही मिळतात.