उजवं फूल

आंदर मावळातल्या शाळेवर नेमणूक झालेल्या इरावतीबाईंनी पहिली एसटी मुद्दाम सोडली होती. दुसरी लवकर आली तर जायचं, नाहीतर तळेगावला घरी परतून बदलीच्या खटपटीला लागायचं, असं ठरवून त्या वडगावच्या थांब्यावर बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक मावशी आणि एक आबा बोलत होते.

"आबा, आज नवी बाई येनार बगा आपल्या शाळंला."

"कोन म्हनलं?"

"भैरोबा. काल कौल लावला, तर उजवं फूल पडलं. म्हंजी येनार."

"मागल्या साली बी उजवंच पडलंतं. आली का बाई?"

"द्येवानं धाडली आसंल की. तीच वाटंतनं माघारी फिरली, त्याला द्येव काय करनार?"

"ह्या खेपंला तरी फूल आपसूक पडलं का?"

"पडलं की. डावं तेवढं जरा घट्ट चिकटवलंतं मी."

"आगं विठाबाई, म्हंजी द्येवालाच फशिवलंस?"

"फशिवलं कसं? घट्ट चिकटवायची बुद्धी मला दिली कुनी?"

आबांना हसता हसता ठसका लागला.

तेवढ्यात धुरळा उडवत एसटी आली. इरावतीबाई क्षणभर तशाच बसून राहिल्या. मग पिशवी खांद्याला लावून मागं वळल्या.

"मावशी, ही तुमच्या शाळेपाशी थांबते का हो?"

विठाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"थांबती की! न्हाई थांबली, तर आपुन थांबवू. चला, बाई."