रोह्यापेक्षा वाईट शेजारी

रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा तरास तुम्ही मले नका सांगू. आमच्या मोठीमायनं रोह्यांले जेवढ्या शिव्या देल्या, तेवढ्या बुलडाणा जिल्ह्यात कोणी देल्या नसतीन. तिचं वावर अभयारण्याले लागून. हरभरा हिरवा झाला की जंगलातून रोह्यांचा कळप येते अन् सकाळी वावरात नुसते बुडखे राह्यतात.

त्याच वावराच्या बाजूले नांदुऱ्याच्या एकानं घरांच्या प्लाटांचं लेआउट पाडाचं काढलं. गावानं हरकत घेतली अन् तिच्यावर पह्यली सही मोठीमायची. मंग तो लेआउटवाला तिलेच समजवाले घरी आला, तेबी ऐन जेवणाच्या टायमाले. दारात आलेल्या माणसाले आमच्या घरून कोणी उपाशी जाऊ देत नाही. मोठीमायनं ताट वाढलं, भाकर अन् हरभऱ्याची भाजी.

जेवता जेवता तो म्हणे, "काकू, तिथं घरं झाली तं रोही इकडं फिरकणारबी नाही. तुमचाच फायदा हाय. मंग तुम्ही हरकत काऊन घेऊन राह्यल्या?"

मोठीमाय म्हणे, "रोही माया दुश्मनच हाय, भाऊ. पण तो खाते अन् वापस जाते. तिथं घर नाही बांधत."

तो हसला. म्हणे, "आम्ही चांगले शेजारी होऊ नं, काकू."

मोठीमायनं त्याच्या रिकाम्या ताटाकडं पाह्यलं.

"पोट भरलं?"

"हाव, एकदम."

"मंग उठा. रोही असता तं आतालोक गेला असता."