बॉनेटवरचं नाव

जळगावात गाड्यांच्या रंगावर चकाकीचा थर देणाऱ्या कोटिंगवाल्याकडे नंबर लावून बसलेल्या हर्षिताचे कान शेजारच्या बोलण्याकडेच होते. धरणगावचे एक आबा नवीकोरी गाडी घेऊन आले होते.

“आबा, मे महिन्यात कोटिंग नको. पत्रा इतका तापतो, की पुसायच्या आत सुकतं आणि डाग राहतात.”

“मग पावसाळ्यात आणू?”

“तेव्हा हवा दमट. दिवाळीनंतर थंडीत या. पॉलिश करून बॉनेटवरचे ओरखडेही काढतो. कुणा कार्ट्यानं धुळीत बोटानं ‘पुनम’ लिहिलंय!”

“मीच लिहिलं.”

“तुम्ही?”

“गाव म्हणे, जावयानं घेतली. मनी पोरनी, पुनमनी, कमाईनी गाडी शे!”

“बरं, थंडीत काढू ना मग?”

“बाकी बठ्ठी, सगळी गाडी चमकव. नावाला हात लावू नको. त्याच्यावरूनच कोटिंग मार.”