चालू होते हो, टिकत नाही!

...अहो, चालू होत नाही असं कुठे म्हणतेय मी? होते ना! तिसऱ्या किकला होते, चांगली धडधडते, मी हँडल घट्ट धरून श्वास रोखून उभी राहते... आणि दोन मिनिटांत फुर्र, फुर्र, फुस्स! चालू होते हो, टिकत नाही!

बाबांची जुनी मोटरसायकल. आई गेल्यावर बाबा दादाकडे परगावी राहायला गेले आणि घरात उरलो आम्ही दोघी, मी आणि ही गाडी. आता बाबांचा फोन म्हणजे काय असायचा, तुम्हाला सांगते. 'जेवलीस? दाराला कडी लावलीस? बरं, ठेवतो.' अकरा सेकंद! मोजलेत मी. मग एकदा बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, 'बाबा, तुमची गाडी दुरुस्त करायला काढलीये,' तर हा माणूस चाळीस मिनिटं बोलला! 'कार्बोरेटर उघड. खालची वाटी काढ. आत पितळी जेट असेल, त्याच्या भोकात कचरा असणार. आणि सुई घालू नकोस हां, भोक मोठं होतं! वायर सोल, आतली एकच तार घे...' जन्मात इतकं समजावलं नव्हतं हो मला. दहावीच्या भूमितीलासुद्धा नाही!

मग काय, रोज संध्याकाळी वर्तमानपत्र अंथरायचं, फोन स्पीकरवर टाकायचा आणि कार्बोरेटर उघडायचा. एकदा स्प्रिंग टुणकन उडाली, मी किंचाळले, माझ्या किंचाळण्याने बाबा तिकडे ओरडले, 'काय गं?' 'स्प्रिंग!' 'सापडली?' 'शोधतेय!' मी सोफ्याखाली पालथी, आणि बाबा पंधरा मिनिटं थांबले. ठेवतो म्हणाले नाहीत!

स्प्रिंग सापडली, जिन्याखाली उभ्या गाडीला कार्बोरेटर जोडला, किक मारली. चालू होते हो, टिकत नाही!

एकदा तर सायलेन्सरमधून असा काही बार निघाला की मी थेट जिन्यात. वरच्या काकू डोकावल्या, 'अगं बाई, मला वाटलं तूच गेलीस!' मलाही तेच वाटलं होतं, काकू. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, 'ताई, नवा कार्बोरेटर टाका, विषय संपला.' विषय संपला? घामच फुटला मला! अहो, विषय संपल्यावर मी बाबांशी बोलू काय? कडीबद्दल?

मग एका संध्याकाळी कार्बोरेटर पुन्हा उघडला. बाबा म्हणाले, 'वाटीत पेट्रोल किती?'

'थेंबभर.'

'वाटीत तरंगतो तो फ्लोट अडकतोय?'

'नाही, छान हलतोय.'

'टाकीखालचा पेट्रोलचा कॉक?'

'बंद आहे ना! वाटी भरेपर्यंत उघडते, गळत नाहीये ना ते बघते, आणि किक मारायच्या आधी पक्का बंद करते. दोनदा तपासते.'



'बंद करतेस? का?'

'वास येतो हो बाबा... भडका उडाला तर?'

'अगं वेडे, वाटीतलं संपलं की टाकीतलं खाली यायचं कुठून? इंजिनाने उपास करायचा का?' आणि हसले. इतके हसले की मागून दादा विचारतोय, 'काय झालं? काय झालं?'

तर कार्बोरेटर बिचारा निर्दोष. पुन्हा जोडला, कॉकवर हात ठेवला... आणि खोटं कशाला बोलू, मनात आलं, राहू दे की बंदच. उद्या म्हणू, बाबा, अजून टिकत नाही. पण ते तिकडे 'उघडलास? उघडलास?' करतायत लहान मुलासारखे. उघडला.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. दहा. धडधड, धडधड... टिकली की हो! मी फोन इंजिनाजवळ धरलेला. बाबा काही बोलेनात. मीही काय बोलू? धडधाकट गाडीबद्दल माणूस विचारणार तरी काय? पण ऐकत होते हो, 'ठेवतो' काही म्हणाले नाहीत. म्हणून मी जरा रेस वाढवली, मग कमी केली, मग पुन्हा वाढवली...

'अगं,' बाबा म्हणाले, 'बंद कर आता. उगाच जळतंय.'

केली बंद. पेट्रोल काय स्वस्त आहे का, नुसतं दोघांनी ऐकत बसायला!