साध्या पाण्याचा बीकर

नाही साहेब, त्या बीकरला हात नका लावू — बसा ना, खुर्ची आहे ती. काय म्हणालात, साध्या पाण्यातल्याही दोन-चार पाणपिसवा मेल्या असं लिहू? म्हणजे चाचणीच बाद, आणि तुमच्या कारखान्याचं ते यंत्रं धुवायचं रसायन खुशाल नदीत. नियम पाठ करून आलायत तुम्ही. खरंय, साध्या पाण्यातच जीव मरायला लागले तर दोष रसायनाचा की माझा, कोण सांगणार? म्हणून तर हा बीकर शेजारी ठेवायचा. पण बघा ना वाकून — तिळाएवढ्या आहेत, तरी कशी टुणटुण चाललीय. आता हा तुमचा. हलवते हं — बघा, सगळ्या तळाशी. हलवूनही पोहल्या नाहीत की गेल्या असं धरायचं. मासे जगले म्हणता? जगले की. पण ते खातात काय? याच पिसवा. आधी ताट रिकामं होतं, मग जेवणारा जातो, एवढं साधं आहे.

हां, आलात मुद्द्यावर. आमचे हे तुमच्याकडे मिक्सिंगला आहेत, हे तुम्ही मला सांगणार? त्यांचे कपडे मीच धुते. निळा डगला आधी नुसत्या पाण्यात भिजवायचा, मग साबण — माझी पद्धत. परवा त्या बादलीतलं बाटलीभर पाणी मी इथं घेऊन आले. कशाला? उगाच. दुसऱ्याच्या भांड्यात डोकावायची खोडच आहे मला — तर त्यात पिसवा सोडल्या. दुसऱ्या दिवशी हलवलं. एक वर येईल तर शपथ. म्हटलं आपलंच काही चुकलं असेल, म्हणून पुन्हा केलं, साध्या पाण्याचा बीकर शेजारी ठेवून, अगदी रीतसर. तेच. हे मी तुम्हाला का सांगतेय? घरी अजून चकार शब्द काढलेला नाही. ते खोकतात आणि म्हणतात, धूळ गेली घशात. बोटांची सालं निघतात, तर मी तेल चोळून देते — मी, साहेब. इथं दिवसभर हेच तपासणारी. भीती वाटते हो. आणि सांगितलं तरी ऐकायचे नाहीत, त्या कामाचा भारी अभिमान आहे त्यांना — मिश्रण नुसत्या वासावरून ओळखतो म्हणतात. वासावरून.

त्यांच्या नोकरीचा विचार करू? केलाय साहेब. काढा त्यांना. उद्याच काढा. माझ्या तोंडून निघत नाही, तुम्हीच सांगा — तुमचं त्यांना ऐकावंच लागेल. असे बघू नका माझ्याकडे, धमकी तुम्हीच घेऊन आला होतात ना?

ही घ्या सही. जे दिसलं तेच लिहिलंय. निघा आता — त्यांची पाळी सुटायची वेळ झाली, मला जाऊन बादली भरून ठेवायचीय.