गिऱ्ह्याला हवी सावली

ऐका. जवळ सरका, पण गप्प बसा. मी आपला हळू बोलणारा माणूस. मधे कुणी बोललं की धागा तुटतो.

आपल्या वाडीत चांगो म्हणून एक गडी होता. त्याची बायको बुधी बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिला मुलगी झाली. मग निरोप आला, उद्या बारसं, सकाळी या. निरोप पोचला तेव्हा दिवे लागले होते. आई म्हणाली, "उजाडल्यावर जा रे बाबा. वाटेत डोह आहे." चांगो ऐकतोय? त्यानं अजून लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. निघाला!

आता डोहाचं आधी सांगायला हवं. भाताची रोपं टाकायच्या आधी आपण राब भाजतो ना? पाला-काटक्या पसरायच्या, वर माती टाकायची, कडेचं गवत आधी साफ करायचं, मग विस्तव. आग कशी मांजरासारखी एका जागी बसून राहते. त्या वर्षी चांगोनं कडच साफ केली नाही. आळस! वारा फिरला आणि आग सुटली ती थेट ओढ्यापर्यंत. डोहाकाठचे उंबर जळाले, करंज जळाले. पुढे वळीव कोसळला. उघड्या डोंगरावरची राख, माती, सगळी डोहात उतरली. मासे पोट वर करून तरंगले. आणि चांगो काय म्हणाला? "मासेच ते. येतील पुन्हा."

तर चांगो डोहाशी आला. दगडावर एक म्हातारा बसलेला. अंगातून पाणी निथळतंय, टकलावर शेवाळ. तुम्ही ओळखलंत! गिऱ्हा! पाण्यातलं भूत! चांगोनं नाही ओळखलं.

"पाव्हणं, एवढी माशांची पाटी वर पोचवा. अर्धे मासे तुमचे."

बारशाला मासे! चांगोनं पाटी डोक्यावर घेतली. चढला. पाटी जड झाली. अजून चढला. अजून जड! वर जाऊन उतरवतो तर काय? राख! ओली, काळी राख!

चांगो पळाला. पळतोय, पळतोय, पळतोय, आणि समोर पुन्हा तोच डोह!

"चुकलं बघा पाव्हणं," म्हातारा म्हणाला. "मासे या दुसऱ्या पाटीत."

पुन्हा पाटी, पुन्हा चढ, पुन्हा राख. पळावं तर पुन्हा डोह. किती खेपा झाल्या, देव जाणे!

मग म्हातारा गोड आवाजात म्हणाला, "दमलास रे. ये पाण्यात." आणि चांगोचे पाय आपले आपण चालायला लागले! गुडघाभर, कंबरभर. खालून चिखलानं घोटे धरले.

"हात पसर."

हातही पसरले!

"बाबा, हे काय करताय?"

"माझी झाडं गेली. दुपारी पाणी तापतं, टकलाला चटके बसतात. तू चांगला उंच आहेस. उभा राहा सावलीला."

"किती वेळ?"

"उंबर माझ्या आज्यापासून उभा होता. तू तर आत्ताच आलास."

"बाबा, पुन्हा राब भाजणार नाही!"

"भाज की! तुझे वाडवडील भाजायचे, मी इथं धूर घेत मजेत पडायचो. काठाचं रान ते हिरवं ठेवायचे. राख तिथंच अडायची, कणभर खाली येत नव्हती. आळशी तूच पहिला!"

पाणी छातीला लागलं. बोटं खाजायला लागली. पालवी फुटते की काय! चांगोला रडू आलं. लेक तिकडे, आपण इथं झाड होऊन! आणि रडता रडता त्याला सुचलं.

"राहतो बाबा. पण मला विडी लागते."

गिऱ्ह्यानं कान टवकारले. "विडी?"

"भाकरी नसली तरी चालेल. रात्री झोपेत तोंडातून पडते, एवढंच. घरच्या गोधड्या जळाल्या. बुधीला विचारा."

"पेटती पडते?"

"पेटतीच."

"इथं? या वाळक्या गवतात?"

"आता झोपेत मला काय कळणार?"

"निघ!" गिऱ्हा असा ओरडला! आणि अशी लाथ घातली, की चांगो पलीकडच्या काठावर तोंडावर पडला. उठला आणि सुटला!

उजाडता उजाडता सासुरवाडीला पोचला. राखेनं काळा, चिखलानं ओला. सासू किंचाळली, "अगो, भूत!" आणि हातातलं सूप फेकून मारलं.

बुधी बाहेर आली. "भूत कसलं आये, तुझा जावई. भुतानंसुद्धा परत पाठवलाय."

चांगोनं हात धुतले आणि लेकीला घेतलं. तिनं त्याचं बोट घट्ट धरलं आणि झोपून गेली. चांगो हलला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी झाडासारखा उभा राहिला.

पुढच्या राबाला चांगोनं सगळ्यांच्या आधी कड साफ केली, काठाच्या रानाला हात लावू दिला नाही. डोहाकाठी करंज लावले. मासे आले, खेकडे आले. पण करंज अजून लहान आहेत रे. त्यांची सावली कोंबडीलासुद्धा पुरत नाही. म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर त्या वाटेनं जाऊ नका. उंच असाल तर मुळीच नका.